भागाबाईची दुसरी साक्ष

यशोदाबाईंचा राग धुळ्याच्या ख्रिस्ती मंडळीत सगळ्यांच्या ओळखीचा होता. पंचवीस वर्षं शाळेत मुलींना बाराखडी शिकवताना त्यांनी तो छडीपुरता ठेवला, नवरा होता तोवर स्वयंपाकघरापुरता, आणि नवरा वारल्यावर मात्र त्याला मोकळं रान मिळालं. पण एकोणीसशे छत्तीसच्या डिसेंबरात, नाताळला आठवडा उरला असताना, बेबाबाई धापा टाकत त्यांच्या दारात येऊन म्हणाली, "अक्का, भागीना जेठ उना शे. दमणी लईसन. संगे दोन मानसं शेतस," तेव्हा भागीचा थोरला दीर बैलगाडी घेऊन आलाय हे ऐकून आलेला राग आधी कोणावर काढावा हेच त्यांना कळेना. कारण त्या माणसाला भागीचा पत्ता देणारं दुसरंतिसरं कोणी नव्हतं. यशोदाबाईंनी स्वतःच तो आपल्या वळणदार अक्षरात लिहून दिला होता.

हे कसं झालं ते सांगायचं तर तुरुंगाच्या दारापासून सुरुवात करायला हवी.

तुरुंगात बायांची एक छोटी बराक होती. दर गुरुवारी यशोदाबाई तिथे शिवण आणि अक्षरं शिकवायला जात. आत काय चालतं हे त्यांनी चार-पाच वर्षं पाहिलं, पण खरी मेख बाहेर होती, दाराशी. सुटणाऱ्या बाईला तिचं जुनं लुगडं गाठोड्यातून काढून देत, उंदरांनी कुरतडलेलं असलं तरी तेच. रजिस्टरात अंगठा उमटला की हवालदार जीवराम दिंडीदरवाजा उघडायचा आणि बाई उन्हात उभी. समोर कोण? ज्या घरानं तिला आत पाठवलं त्या घरचा कोणीतरी दंडुका घेऊन, नाहीतर तोंडात पान आणि बोलण्यात साखर घेऊन बसलेली एखादी मावशी. ही मावशी 'चल गं, भुसावळला कामाला लावते' म्हणायची, आणि ते काम काय असतं हे जीवरामलाही ठाऊक होतं. काहींसाठी तर कोणीच नसे. त्या दिवेलागणीपर्यंत भिंतीच्या सावलीत बसत आणि मग मावशीबरोबर जात.

यशोदाबाईंनी मंडळीतल्या आणखी तिघी बायका गोळा केल्या आणि पांझरा नदीपलीकडे तीन खोल्यांचं एक घर भाड्यानं घेतलं. भाडं मंडळीची कमिटी देई, दाणे-तेल बायका आपापल्या घरून आणत. घराचं नाव ठेवलं 'भगिनीगृह'. गाव म्हणे 'जेलवालींचं घर'. तिथे पहिली आली ती बेबाबाई. मोहाची दारू गाळण्यापायी तीनदा आत जाऊन आलेली ही बाई दार राखायला बसली, आणि त्या दिवसापासून मावशीची पानाची चंची त्या रस्त्याला दिसली नाही. दोन-तीन वर्षांत सतरा बाया त्या घरात राहून गेल्या. कोणी दवाखान्यात दाई झाली, कोणी लालबागेतल्या कापसाच्या जिनिंगात सरकी वेचायला लागली, एक तर लग्न करून अमळनेरला नांदत होती. यशोदाबाईंना त्या घराचा गर्व होता. गर्व हे पाप आहे असं त्या शाळेत शिकवत, पण हा गर्व त्यांनी पापात धरला नव्हता.

भागाबाई भादव्यात सुटली. शिक्षा दोन वर्षांची, पौषात संपायची, पण चांगल्या वागणुकीचे माफीचे दिवस धरून चार महिने आधी सुटली. सासरच्यांना त्याचा पत्ता नव्हता आणि ते तसंच राहावं म्हणून, उपासनेला जाणं सोडलं तर, ती नदीच्या अलीकडे पाऊलही टाकत नसे. वय असेल एकवीस-बावीस. बोलणं फार कमी. जात्यावर बसली की तासभर मान वर करायची नाही. तिला भीती एकच होती. पौषात जेठ तुरुंगाच्या दाराशी येईल, आपण तिथे नसू, आणि मग तो शोधायला लागेल.

आता ती साक्षीची गोष्ट.

सुगीच्या सणाला ख्रिस्ती मंडळी नव्या ज्वारीची कणसं, भोपळे, कोंबड्या घेऊन देवळात येते. प्रार्थनामंदिराला ते देऊळच म्हणत. त्या दिवशी उपासनेनंतर साक्षी होत. ज्याच्या आयुष्यात देवानं काही केलं त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून ते सांगायचं. साक्षीचे नियम जुने होते. नावगाव सांगायचं, कारण नावगावाशिवायची साक्ष कोण खरी मानणार? आपलं पाप सांगायचं, दुसऱ्याचं नाही. आणि साक्ष चालू असताना मध्ये कोणी बोलायचं नाही. एका वर्षी एक पेन्शनर शिपाई दीड तास आपल्या दारूची कथा सांगत राहिला, बाहेर सांडग्यांची आमटी थंडगार झाली, पण कोणाची हिंमत झाली नाही. एक साक्ष संपली की पाळकसाहेब विचारत, "आणखी कोणाची साक्ष?" कोणी उठलं नाही की शेवटचं गीत.

भगिनीगृहातल्या बायांची साक्ष म्हणजे त्या सणाचा मोठा भाग. लोक वाट पाहत. भाडं देणाऱ्या कमिटीलाही आपला पैसा कुठे जातो ते कानांनी ऐकायचं असे. यंदा पाळी भागाबाईची, असं यशोदाबाईंनीच ठरवलं. भागी "नको अक्का" म्हणाली. यशोदाबाई म्हणाल्या, "बोललीस की मन हलकं होईल." दुपारी अंगणात ज्वारी निवडता निवडता भागीनं पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि यशोदाबाई कागदावर लिहून घेऊ लागल्या, म्हणजे पोरीला पाठ करून घेता येईल.

नवरा विंचू चावून गेला तेव्हा ती एकोणीसची होती. नवऱ्याचा थोरला भाऊ झुलाल, म्हणजे जेठ, त्याच्याच घरात राहिली. ज्या जेठासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच जेठापासून तिला दिवस गेले. मूल मेलेलं जन्माला आलं. गावात कुजबुज झाली तेव्हा झुलाल स्वतः पोलीसपाटलाकडे गेला आणि म्हणाला, आमच्या विधवेनं आमचं तोंड काळं केलं, पोर जन्मवून गुपचूप पुरलं. कोर्टातही तोच साक्षीदार. भागी तिथे गप्प राहिली. घरातल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही, एवढंच तिला शिकवलेलं होतं.

"पोऱ्या त्यान्हाच व्हता, अक्का. झुलालना. खड्डा बी त्यानीच खंदा."

यशोदाबाईंनी ते लिहिलं. मग लिहिलेलं वाचून पाहिलं, पेन्सिल ओली केली आणि 'झुलाल' या शब्दावर दोन आडव्या रेघा मारल्या. खड्ड्याचं वाक्यही खोडलं.

"साक्षीत आपलं पाप सांगायचं असतं, भागे. दुसऱ्याचं नाही."

"मंग त्यान्हं कोन सांगई?"

"देव बघेल त्याचं."

भागीनं सुपातला एक खडा उचलून लांब फेकला आणि पुन्हा निवडायला लागली.

साक्ष सुरेख झाली. "मी भागाबाई, गाव अमुक, नरडाण्याजवळ. मी मोठं पाप केलं. मी माझं मूल लपवून पुरलं. देवानं मला क्षमा केली." पुस्तकी मराठीत, न अडखळता. बायकांनी डोळे पुसले, कमिटीतल्यांनी माना डोलावल्या, आणि पाळकसाहेबांनी तो कागद मंडळीच्या मासिकासाठी मागून घेतला. यशोदाबाईंनी शुद्ध प्रत करून दिली, नावगावासकट, खाली 'सध्या मुक्काम भगिनीगृह, धुळे' असंही लिहून. असं दर वर्षीच लिहीत. सतरा बायांत एकीच्याही मागे कोणी आलं नव्हतं, म्हणून त्यात काही चुकतंय हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

नरडाण्याचे मिशनशाळेचे मास्तर भले माणूस होते. दर महिन्याला मासिक आलं की ते स्टेशनाबाहेरच्या निंबाखाली पारावर बसून मोठ्यानं वाचत. गाडीची वाट पाहणारे ऐकत. त्यात कोणीतरी भागीच्या गावचा होता.

आणि आता दमणी पाळकांच्या दारात उभी होती.

यशोदाबाई पाळकांच्या ओसरीवर पोचल्या तेव्हा झुलाल कपबशीतला चहा फुंकून पीत होता. चाळिशीचा, धुतलेला पांढरा फेटा, कपाळावर आठीही नाही. पायाशी नव्या ज्वारीचं पोतं. ते त्यानं देवळासाठी आणलं होतं. त्याच्या गावचा जातीचा एक पंच आणि चाळीसगावकडचा वना नावाचा एक माणूस खाली सतरंजीवर बसले होते.

"या, यशोदाबाई," पाळकसाहेब उठून म्हणाले. माणूस वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, त्यांच्याशी भांडता तरी आलं असतं. "हे भागाबाईंचे थोरले दीर. फार सज्जन गृहस्थ. तिला घरी न्यायला आलेत."

"पोरनी चूक व्हयनी, साहेब," झुलाल म्हणाला. "आम्ही तिले माफ कयं. घरनी बाई घरमा ऱ्हावाले पाहिजे."

'माफ कयं' हे शब्द ऐकले आणि यशोदाबाईंच्या कानशिलाची शीर ठणकायला लागली. ज्यानं खड्डा खणला तो माफ करतोय! आणि हे त्या मोठ्यानं म्हणू शकत नव्हत्या, कारण ते भागीनं त्यांना विश्वासानं सांगितलं होतं, आणि जिथे म्हणता आलं असतं त्या कागदावर त्यांनीच रेघा मारल्या होत्या.

"पाळकसाहेब, ही मुलगी जाणार नाही," त्या एवढंच म्हणाल्या.

"तिलाच विचारू की," पाळक म्हणाले. बेबाबाई भागीला घेऊन आली. भागी ओसरीच्या पायरीशी उभी राहिली, पदर नाकापर्यंत ओढून, जेठासमोर उभं राहायचं तसं. पाळकांनी गोड आवाजात विचारलं, "भागाबाई, घरी जाशील ना?" समोर तो फेटा. भागीनं पदर आणखी खाली ओढला. पाळकांनी क्षणभर वाट पाहिली आणि म्हणाले, "ठीक. हरकत दिसत नाही."

बेबाबाई तोवर दमणीच्या गाडीवानाशी बोलून आली होती. ओसरीखाली येऊन ती यशोदाबाईंच्या कानाला लागली. भागीला पाटाला लावायचं ठरलं होतं, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. नवरा म्हणजे वनाचा थोरला भाऊ, साठीचा, दोन बायका पुरलेला. दमणीला जुंपलेली ती पांढरी बैलजोडी त्यांनीच झुलालला आधी देऊन ठेवली होती. भागीनंही येताना पाहिलं होतं. "ह्या बैल आमना घरना नही शेतस," ती रस्त्यात म्हणाली होती, आणि मग एकदम थांबली होती.

यशोदाबाईंनी ते तिथल्या तिथे सांगितलं. झुलालनं मान खाली घालून लाजल्यासारखं केलं. "हां साहेब, पोरनं कल्यान व्हवाले पाहिजे म्हनीसन."

"विधवेचा पुनर्विवाह हे काही पाप नाही, यशोदाबाई," पाळक म्हणाले. "आपण तर त्याचा उपदेश करतो."

"उपदेश बैल घेऊन करत नाही आपण!"

संध्याकाळी कमिटी बसली. यशोदाबाई तासभर बोलल्या, आणि पाचही पुरुषांनी त्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. शांतपणे ऐकून घेणाऱ्या पुरुषांचा त्यांना जितका संताप यायचा तितका ओरडणाऱ्यांचा कधी येत नसे. शेवटी खजिनदार म्हणाले, "आपण आसरा देतो, बाई. कोणाच्या घरची सून अडकवून ठेवत नाही. उद्या गावात बोभाटा होईल की ख्रिस्ती लोक बायका पळवतात. मग घरच बंद करावं लागेल, बाकीच्या बायांचं काय?" ठरलं असं: रविवारी उपासना झाली की सगळ्यांसमोर प्रार्थना करून भागाबाईला सासरच्या स्वाधीन करायचं. समेटाचा सुंदर प्रसंग. पाळकांनी तर त्यासाठी वचनही काढून ठेवलं.

शनिवारी दुपारी यशोदाबाई नदी ओलांडून भगिनीगृहात गेल्या. भागी ज्वारी निवडत होती. उद्या जायचं असलेली बाई दुसऱ्यांच्या भाकरीची ज्वारी निवडत बसली होती, आणि ते पाहून यशोदाबाईंना रडू आवरेना. रडू आलं की त्यांना आणखी राग येई.

"भागे, पहाटेच्या गाडीनं तुला जळगावला पाठवते. तिथल्या मिशनच्या दवाखान्यात माझी ओळख आहे."

"तठे बी मासिक येस ना?"

यशोदाबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या.

"कितला दिन पयसु, अक्का?" भागीनं सूप खाली ठेवलं. पहिल्यांदाच तिनं मान वर करून त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "मी कसाले पयू? दोन वरीस मी काढात. त्यानी एक दिन तरी काढा का? मी तुम्हले त्यान्हं नाव सांगं व्हतं. कोर्टमा सांगं नही, बराकमा सांगं नही, तुम्हले सांगं. तुम्ही खोडं. मन्हं नाव ठेवं, मन्हं गाव ठेवं, त्यान्हं तेवढं खोडं!"

पंचवीस वर्षं यशोदाबाईंनी मुलींच्या चुका तांबड्या शाईनं काढल्या होत्या. त्यांची चूक अशी कोणी काढली नव्हती. त्यांना सांगावंसं वाटलं की नियमच तसा आहे, मंडळीची रीत आहे, मी काही मनानं केलं नाही. यातलं काहीही त्यांच्या तोंडून बाहेर पडलं नाही, कारण ते सगळं खोटं नसूनही त्यांना त्याची शिसारी आली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मोठी चूक झाली, भागे."

भागीनं 'असू द्या' म्हटलं नाही. ते बरंच झालं. सूप पुन्हा हातात घेऊन तिनं विचारलं, "उद्या बी साक्षी व्हतीन का?"

"नाताळाआधीचा रविवार. होतील."

"साक्ष चालू ऱ्हास तवय मधमा कोनी बोलत नही ना?"

"नाही. तो नियम आहे."

"आनि पाठ करनं पडत नही ना?"

"नाही," यशोदाबाई म्हणाल्या. "अजिबात पडत नाही."

रविवारी देऊळ भरलं होतं. उजवीकडे सतरंजीवर बाया, डावीकडे पुरुष. झुलाल, तो पंच आणि वना यांना पाहुणे म्हणून पुढच्या बाकावर बसवलं होतं. उघड्या दारातून आवारात सोडलेली दमणी दिसत होती आणि पांढरे बैल कडबा खात होते. ज्वारीचं पोतं वेदीपाशी ठेवलेलं. पाळकसाहेबांनी उधळ्या पुत्राबद्दल उपदेश केला. बाप धावत जाऊन मुलाला मिठी मारतो तिथे त्यांनी झुलालकडे पाहिलं, आणि यशोदाबाईंनी हातातलं गीताचं पुस्तक इतकं आवळलं की त्याची शिवण उसवली.

पोस्टातल्या एका कारकुनानं आजारातून उठल्याची साक्ष दिली. पाळक म्हणाले, "आणखी कोणाची साक्ष?"

भागाबाई उठली.

पाळकांचा चेहरा उजळला. त्यांना वाटलं, निरोपाचे दोन शब्द असतील. भागी बायांच्या मधून वाट काढत पुढे आली आणि तिनं एकच गोष्ट केली, जी त्या देवळात फक्त खेड्यांतून आलेल्यांना कळली. जेठ समोर बसलेला असताना तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला. पुढच्या बाकावरचा पंच चमकून ताठ झाला.

"मी भागाबाई. मन्हं गाव तुम्हले बठ्ठासले म्हाईत शे, छापेल शे. मांगे मी आठे अर्धीच साक्ष दिन्ही. आज बाकीनी देस. पाप व्हयनं हाई खरं शे. पन मी एकलीनी नही कयं. दुसरा जो व्हता तो आठे बठेल शे. मन्हा जेठ. झुलाल."

पाळकसाहेब अर्धवट उठले. "भागाबाई, साक्षीत आपण दुसऱ्याचं..."

"पाळकसाहेब," यशोदाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज, "साक्ष चालू आहे."

पाळक खाली बसले. दीड तास शिपायाची दारू ऐकलेल्या मंडळीला नियम माहीत होता.

"पोऱ्या मरेल जलमना," भागी म्हणाली. "गोठामा. त्यानीच फडकामा गुंडायं, त्यानीच नालाना काठले खड्डा खंदा. मन्हा हातमा कंदील दिन्हा. तीन तासनी बाळंतीन मी, मन्हा हात कापे. माले म्हने, सरळ धर, दिखत नही. मंग चौथा दिनले तोच पाटीलकडे गया. कोर्टमा बी तोच उभा व्हता, हाऊच फेटा बांधीसन. आनि आते म्हनस, मी तिले माफ कयं. माफ करनारा तू कोन रे? बाहेर बैल दखा बठ्ठाजन. ती मन्ही किंमत शे. हाईच मन्ही साक्ष."

झुलाल उभा राहिला. फेटा तसाच नीट होता, पण त्याखालचा चेहरा पार उतरला होता. "जेलनी बाई शे ती! तिन्हं काय ऐकतस तुम्ही?"

त्याला उत्तर ख्रिस्ती मंडळीतून आलं नाही. हे यशोदाबाई पुढे कधीच विसरल्या नाहीत आणि मंडळीला विसरूही दिलं नाही. पाचही कमिटीवाले जमिनीकडे पाहत होते. उठला तो वना.

"झुलालभाऊ, जेलनं तुम्ही सांगं व्हतं. हाई सांगं नही. जेठ म्हंजे बापना ठिकानी. उद्या पंचायत बठी आनि आम्हले बी जातबाहेर टाकी. आम्हले अशी बाई नको आनि अशी सोयरीक बी नको. मी बैल लई जास."

भागीकडे त्यानं पाहिलंही नाही. तिच्यावर काय गुदरलं याचं त्याला सोयरसुतक नव्हतं, त्याला त्याच्या जातीची भीती होती. बाईची सुटका झाली ती या भीतीनं, आणि जिथे रोज दयेचं नाव घेतात तिथल्या एकाच्याही जिभेनं नाही. वना तरातरा बाहेर गेला. पंच त्याच्या मागे, झुलालला वळसा घालून. झुलाल क्षणभर भर देवळात एकटा उभा राहिला, मग "वना, अरे वना, ऐकी तं ले" करत पळाला. दारातून सगळ्यांना दिसलं: वनानं दावी सोडली, बैल हाकत फाटकाबाहेर नेले, आणि रिकामी दमणी जू जमिनीवर टेकून तिथेच पडून राहिली.

पाळकसाहेबांनी घाम पुसला. काय बोलावं हे त्यांना सुचेना, आणि काही सुचेनासं झालं की माणूस सवयीचं बोलतो.

"आणखी कोणाची साक्ष?"

खजिनदारांनी डोळे वटारून त्यांच्याकडे पाहिलं, पण शब्द गेला होता. यशोदाबाई उठल्या. गुडघे दुखत होते, तरी बेबाबाईचा पुढे आलेला हात त्यांनी घेतला नाही.

"मी यशोदाबाई, मुक्काम धुळे," त्या म्हणाल्या. "साक्षीत आपलं पाप सांगायचं असतं, दुसऱ्याचं नाही. मी माझंच सांगते. या मुलीनं मला त्या माणसाचं नाव सांगितलं होतं. मी ते माझ्या हातानं खोडलं. तिचं नाव मात्र ठेवलं, गाव ठेवलं, पत्ताही घातला, आणि तो कागद छापायला दिला. तिला शोधायला त्या माणसाला पायपीटसुद्धा करावी लागली नाही, एवढी सोय मी केली. त्या घरात कोणी दंडुका घेऊन येऊ नये म्हणून मी दार बांधलं, आणि त्याची किल्ली मीच टपालानं पाठवली. परवा कमिटीत मी तासभर बोलले, पण ही गोष्ट बोलले नाही, कारण मला स्वतःची लाज झाकायची होती. हे माझं पाप. देवानं मला क्षमा केली की नाही ते मला माहीत नाही. भागाबाईनं अजून केलेली नाही, आणि तिनं घाई करू नये."

त्या वळल्या आणि थेट पाळकांकडे पाहू लागल्या.

"दर साक्ष मासिकात छापता ना? मग हीसुद्धा छापा. माझ्या नावगावासकट. एक शब्दही न खोडता."

पाळकसाहेब काही बोलायच्या आत बायांच्या सतरंजीवरून भागीचा आवाज आला. ती बसली होती, पदर अजून खांद्यावरच होता.

"आनि मन्ही बी छापा," ती म्हणाली. "पन यंदा त्यान्हं नाव पहिले लिखा."